१५ किलोच्या लढाऊ रोबोटसाठी मोटर, कंट्रोलर आणि बॅटरी कशी निवडावी

लढाईत कंट्रोलर (मोटरचा करंट आणि दिशा सांभाळणारा बोर्ड) जळाला की बहुतेक टीम त्याहून मोठ्या आकड्याचा कंट्रोलर मागवतात आणि पुढच्या लढाईत तोही जातो. निवडीची सुरुवातच उलट्या टोकाकडून झालेली असते. करंट किती लागणार हे कंट्रोलर ठरवत नाही, बॅटरीही ठरवत नाही. ते ठरतं रोबोटच्या वजनावर, चाकाच्या पकडीवर आणि मोटरच्या रेझिस्टन्सवर. म्हणून आधी चाक, मग मोटर, मग कंट्रोलर, मग बॅटरी आणि शेवटी वायर, या क्रमाने चला. हा सगळा हिशेब वहीच्या एका पानावर मावतो, आणि तो पैसे खर्च करण्याआधी करायचा असतो.

खालचं उदाहरण १५ किलो गटाचं आहे: दोन बाजूंना दोन गिअर मोटर, १०० मिलिमीटर व्यासाची दोन रबरी चाकं, पुढे आडवं फिरणारं पातं आणि ६ एस लिपो बॅटरी (सिरीजमध्ये जोडलेले सहा लिथियम-पॉलिमर सेल). तुमचा गट ८ किंवा ३० किलोचा असला तरी रीत हीच, आकडे तुमचे घाला. स्पर्धेची नियमावली मात्र सगळ्यात आधी वाचा. कमाल व्होल्टेज लिहिलेलं असेल तर ते पूर्ण चार्ज बॅटरीवर मोजणार का, हे आयोजकांना विचारून घ्या. ६ एस बॅटरीवर २२.२ व्होल्ट छापलेलं असतं, पण पूर्ण चार्ज झाल्यावर ती २५.२ व्होल्ट देते. ‘२४ व्होल्टपेक्षा जास्त नको’ असा नियम असेल तर याच फरकावर तांत्रिक तपासणीत रोबोट अडतो.

पकड मोजा

चाकं घसरायला लागली की मोटरवरचा भार त्यापुढे वाढत नाही. हीच तुमची रोजची कमाल मर्यादा. ती मोजायला सामान उचलून वजन करायचा लटकता काटा पुरतो. रोबोट लोखंडी पत्र्यावर ठेवा, चाकं लाकडाच्या पाचरीने किंवा केबल टायने फिरणार नाहीत अशी अडकवा आणि काटा लावून आडवा ओढा. चाकं घसरायला लागतील त्या क्षणीचा आकडा टिपा. स्वच्छ पत्र्यावर चांगलं रबर वजनाच्या ०.७ ते ०.९ पट पकड देतं, धूळ असेल तर बरीच कमी. हिशेब स्वच्छ पत्र्याचाच धरा, कारण करंट तिथेच सर्वाधिक लागतो.

१५ किलोच्या रोबोटला काट्यावर १२ किलो आले असं धरू. म्हणजे साधारण ११८ न्यूटन, प्रत्येक चाकाच्या वाट्याला ५९. चाकाची त्रिज्या ०.०५ मीटर, म्हणून प्रत्येक बाजूला २.९५ न्यूटन-मीटर टॉर्क लागेल.

मोटर: लेबलवरचा टॉर्क विसरा

गिअर मोटर विकताना टॉर्कचा आकडा मोठा छापतात. तो स्टॉलचा (शाफ्ट अडकून मोटर थांबलेली असतानाचा) आहे की चालतानाचा, हे क्वचितच लिहिलेलं असतं. त्यापेक्षा दोन आकडे स्वतः काढा: बिनभाराचा वेग आणि रेझिस्टन्स.

समजा मोटर २४ व्होल्टला चाकाच्या शाफ्टवर ६०० आरपीएम देते. ६०० आरपीएम म्हणजे सेकंदाला ६२.८ रेडियन. २४ भागिले ६२.८ म्हणजे ०.३८. आदर्श स्थितीत एका अँपिअरमागे इतके न्यूटन-मीटर मिळतील. गिअरबॉक्सच्या घर्षणात चौथा हिस्सा जातो असं धरलं तर हाती ०.२८५ उरतात. २.९५ भागिले ०.२८५ केले की १०.४ अँपिअर येतात. त्यात बिनभाराचा एखादा अँपिअर मिळवा. प्रत्येक मोटर चाक घसरताना साधारण ११.५ अँपिअर खेचेल.

आता स्टॉल करंट. साध्या मल्टिमीटरने एक ओहमपेक्षा कमी रेझिस्टन्स मोजू नका, त्याच्या पिनांचा रेझिस्टन्सच तेवढा असतो. त्याऐवजी १२ व्होल्टची बॅटरी घ्या (यूपीएसमधली चालेल) आणि गाडीचा हेडलाइटचा ५५-६० वॉटचा बल्ब मोटरच्या सिरीजमध्ये लावा. शाफ्ट पक्क्या पकडीत अडकवा. सर्किटमधला करंट मोजा आणि त्याच वेळी मोटरच्या दोन टर्मिनलमधलं व्होल्टेज मोजा. व्होल्टेज भागिले करंट म्हणजे रेझिस्टन्स. शाफ्ट थोडा थोडा फिरवून चार-पाच जागी मोजा आणि सरासरी घ्या, कारण ब्रश कम्युटेटरच्या कुठल्या पट्टीवर आहे त्याप्रमाणे आकडा बदलतो. मल्टिमीटरची १० अँपिअरची जागा वापरा आणि काम काही सेकंदांत उरका.

रेझिस्टन्स ०.६ ओहम आला तर २२ व्होल्टला स्टॉल करंट ३७ अँपिअर, पूर्ण चार्ज बॅटरीवर ४२. घसरण्याचा करंट ११.५. तो स्टॉलच्या एक तृतीयांशाच्या आत आहे, म्हणजे मोटर योग्य आहे. तो निम्म्यावर गेला तर मोटर त्या रोबोटला लहान पडते. चाकं घसरण्याऐवजी ती जागेवर अडकू शकते, आणि अडकलेली मोटर काही सेकंदांत धूर काढते. तेव्हा चाक लहान करा, गिअर उतरवा किंवा मोटर बदला.

एक गोष्ट इथे सुटते. प्रतिस्पर्धी तुमच्या उतरत्या पाचरीवर चढला की त्याचं अर्धं वजन तुमच्या चाकांवर येतं. पकड दीडपट, करंटही दीडपट. ११.५ चे १७ धरा. कंट्रोलर निवडताना हाच आकडा वापरायचा.

वेग किती हवा? वरची मोटर २२ व्होल्टला ५५० आरपीएम देईल, म्हणजे १०० मिलिमीटरच्या चाकावर सेकंदाला २.९ मीटर. छोट्या रिंगणात नव्या चालकाला एवढा वेग पुरेसा आहे. जास्त वेगाच्या मागे लागून गिअर चढवले की करंट त्याच प्रमाणात वाढतो.

भंगारात मिळणाऱ्या वायपर मोटरचा मोह टाळा. वर्म गिअरमुळे ती संथ आणि जड असते. शिवाय अनेक गाड्यांच्या वायपर मोटरमध्ये एक ब्रश सरळ बॉडीला जोडलेला असतो. गाडीत ते चालतं, कारण तिथे चॅसिस म्हणजेच निगेटिव्ह. रोबोटमध्ये दिशा उलटवली की तीच बॉडी पॉझिटिव्ह होते, आणि दोन मोटर एकाच लोखंडी चॅसिसवर बसल्या असतील तर सरळ शॉर्ट. कुठलीही मोटर घेताना टर्मिनल आणि बॉडी यांच्यात मल्टिमीटरचा बझर वाजत नाही ना, हे पाहूनच घ्या.

स्वस्त गिअर मोटरचा ६ मिलिमीटरचा शाफ्ट १५ किलोच्या धडकेत वाकतो. चाक थेट त्यावर लटकवू नका. बाहेरच्या बाजूला बेअरिंग बसवा आणि मोटरला फक्त फिरवायचं काम ठेवा. नाशिकच्या सातपूर-अंबडमध्ये लेथवर असा शाफ्ट आणि बेअरिंग हाउसिंग करून देणारी वर्कशॉप आहेत. ड्रॉइंग मिलिमीटरमध्ये, बेअरिंगचा नंबर लिहून द्या.

चाकांचा कंट्रोलर

१७ अँपिअर सतत आणि ४२ अँपिअर स्टॉल, इतका हिशेब झाला. पण कंट्रोलर सगळ्यात जास्त मरतात ते पुढून मागे झटका देताना. मोटर पूर्ण वेगाने फिरत असते तेव्हा ती स्वतः जवळजवळ बॅटरीएवढं व्होल्टेज उलटं तयार करत असते. त्याच क्षणी स्टिक मागे ओढली की ते व्होल्टेज आणि बॅटरीचं व्होल्टेज यांची बेरीज होते. करंट क्षणभर स्टॉलच्या जवळजवळ दुप्पट, आपल्या उदाहरणात ८० अँपिअरच्या आसपास. म्हणून कंट्रोलर सतत किमान २५-३० अँपिअरचा आणि क्षणिक ६०-८० अँपिअरचा हवा, आणि वेग हळू चढवण्याची सोय त्यात किंवा रिमोटमध्ये वापरायला हवी. दिशा बदलायला एक दशांश ते दोन दशांश सेकंद लागला तर चालकाला फारसं जाणवत नाही, कंट्रोलरचा मात्र जीव वाचतो.

कॉलेजच्या लॅबमध्ये सापडणारा एल२९८एन इथे चालणार नाही. तो चॅनेलमागे २ अँपिअरचा आहे आणि स्वतःच दोन-तीन व्होल्ट खातो. बीटीएस७९६० च्या मॉड्यूलवर ४३ अँपिअर लिहितात. तो आकडा चिप स्वतःला वाचवायला करंट रोखते त्याचा आहे, सतत वाहण्याचा नाही. त्या छोट्या हीटसिंकवर १०-१५ अँपिअरच धरा. त्याची व्होल्टेजची हद्द २७.५ आहे. २५.२ व्होल्टची बॅटरी लावल्यावर सव्वादोन व्होल्टच मोकळे राहतात, आणि ब्रेक लागताना उलटणाऱ्या व्होल्टेजला ते अपुरे पडतात. ८ किलोच्या रोबोटला ३ एस किंवा ४ एस बॅटरीवर तो चालून जातो. १५ किलोला ६ एसवर नको.

इथे बसणारे दोन पर्याय म्हणजे सायट्रॉनचा एमडीडीएस३० (दोन चॅनेल, ७ ते ३५ व्होल्ट, सतत ३० आणि क्षणिक ८० अँपिअर) आणि सेबरटूथ २x३२ (६ ते ३० व्होल्ट, सतत ३२, क्षणिक ६४). दोन्ही रिसीव्हरचा सिग्नल थेट घेतात आणि एका स्टिकवर पुढे-मागे-वळण यांची मिसळ आपली आपण करतात, म्हणून मध्ये आर्डुइनो लागत नाही. लढाऊ रोबोटमध्ये एक बोर्ड कमी म्हणजे सुटणाऱ्या वायरी कमी. ८० अँपिअरचा धक्का सेबरटूथच्या क्षणिक आकड्याला ओलांडतो, त्यामुळे त्याच्यासोबत वेग हळू चढवणं ऐच्छिक राहत नाही.

टेबलावर तपासताना हे कंट्रोलर एसएमपीएसवर (घरच्या विजेवर चालणाऱ्या पॉवर सप्लायवर) चालवू नका. ब्रेक लावताना मोटर जनरेटर होते आणि करंट मागे पाठवते. बॅटरी तो पोटात घेते. एसएमपीएस घेत नाही, मग व्होल्टेज उसळतं आणि कंट्रोलरचे मॉसफेट (करंट चालू-बंद करणारे भाग) फुटतात.

पात्याची मोटर

पात्याला ब्रशलेस आउटरनर (बाहेरचं कवच फिरणारी, ब्रश नसलेली मोटर) घ्या. पात्याची ऊर्जा आधी काढा: दीड किलोचं, ४० सेंटिमीटर लांब सरळ पातं मध्यावर फिरत असेल तर त्याचा जडत्व आघूर्ण ०.०२. ३००० आरपीएमला सुमारे ९८५ जूल, ४००० ला साडेसतराशे. वेग वाढला की ऊर्जा वर्गाने वाढते, पण त्याच वर्गाने मोटर आणि ईएससीवरचा (ब्रशलेस मोटरच्या कंट्रोलरवरचा) ताणही वाढतो. पहिल्या रोबोटला ३००० पुरे.

धडकेनंतर तीन सेकंदांत पुन्हा वेग यायला हवा असेल तर ९८५ भागिले ३, म्हणजे पात्यात सरासरी ३३० वॉट गेले पाहिजेत. वेग चढताना निम्मी शक्ती उष्णतेत जाते असं धरून बॅटरीतून ६६० वॉट, २२ व्होल्टला ३० अँपिअर सरासरी. सुरुवातीचा झटका ७०-८० अँपिअर. २७० केव्हीची (व्होल्टमागे २७० आरपीएम देणारी) मोटर २२ व्होल्टला सुमारे ६००० आरपीएम फिरते, भाराखाली ५००० च्या आसपास. म्हणून पुली १.७ ला १ ठेवली की पात्याला ३००० मिळतात. पट्टा व्ही-बेल्टचा घ्या. धडकेत तो घसरतो आणि मोटरचा शाफ्ट वाचतो. दात्यांचा पट्टा घसरत नाही, त्याचे दाते सोलून निघतात.

ईएससी ६ एस, १०० ते १२० अँपिअरचा घ्या. विमानासाठी विकलेल्या ईएससीवरचा आकडा पंख्याचा वारा लागेल असं धरून छापलेला असतो. बंद डब्यात तो निम्मा समजा. सेटिंगमध्ये ब्रेक बंद, सुरुवात सॉफ्ट. सेन्सर नसलेली मोटर जड पात्याखाली सुरू होताना थरथरते आणि तिथेच ईएससी जळतो. असं झालं तर पुलीचं प्रमाण वाढवा किंवा हॉल सेन्सरची मोटर आणि सेन्सर वाचणारा ईएससी घ्या.

काही टीम ब्रशची मोटर आणि बाईकचा स्टार्टर रिले वापरतात. तो रिले सेकंद-दोन सेकंदांसाठी आणि १२ व्होल्टसाठी बनवलेला असतो. २२ व्होल्टचा करंट तोडताना त्याचे कॉन्टॅक्ट चिकटतात आणि पातं बंदच होत नाही. ही सरळसरळ जीवाशी गाठ आहे, हा मार्ग घेऊ नका.

बॅटरी

सामना ३ मिनिटांचा. चाकांचा सरासरी करंट दोन्ही मिळून १० आणि पात्याचा २० धरला तर एकूण ३० अँपिअर, ३ मिनिटांत दीड अँपिअर-तास. लिपोचा पाचवा हिस्सा शिल्लक ठेवायचा, म्हणून १.९. ही क्षमता झाली. पण बॅटरीचा आकार क्षमतेपेक्षा झटक्यावर ठरतो. दोन्ही चाकं घसरताना २३ आणि पातं ८०, मिळून शंभरावर अँपिअर. ३००० एमएएच आणि ३५ सी (क्षमतेच्या ३५ पट करंट) म्हणजे कागदावर १०५ अँपिअर. सी रेटिंगचे आकडे फुगवलेले असतात, त्यांच्यावर अर्धाच भरवसा ठेवा. मग निवड होते ३३०० एमएएच ६० सी, किंवा ५००० एमएएच ४० सी. दुसरी दोन-अडीचशे ग्रॅम जड पडते, पण ताण पडल्यावर तिचं व्होल्टेज कमी घसरतं. वजनात जागा असेल तर तीच घ्या.

स्पर्धा थंडीत असतील तर एक काळजी. डिसेंबर-जानेवारीत नाशिकची पहाट दहा अंशांच्याही खाली जाते. थंड लिपोचा अंतर्गत रेझिस्टन्स वाढतो आणि पहिल्याच झटक्याला व्होल्टेज एवढं पडतं की रिसीव्हर रीसेट होतो. सामन्याआधी बॅटरी अंगाजवळ, जॅकेटच्या आत ठेवून कोमट करा. हीटरवर किंवा उन्हात तापलेल्या बोनेटवर ठेवू नका. उलट एप्रिल-मेमध्ये बंद गाडीत लिपो ठेवणं धोक्याचं आहे.

चार्जिंग एक सीनेच करा: ३३०० ला ३.३ अँपिअर, नेहमी बॅलन्स वायर (सगळे सेल सारखे भरायला मदत करणारी) लावून. २५.२ गुणिले ३.३ म्हणजे ८३ वॉट. ५० वॉटचा छोटा चार्जर ६ एसला जेमतेम २ अँपिअर देतो, दोन सामन्यांमधल्या वेळात बॅटरी भरत नाही. चार्जर घेताना वॉट पाहा. चार्जिंग फरशीवर, शेजारी कोरड्या वाळूची बादली आणि समोर माणूस. कसारा घाट उतरून मुंबईला पवईच्या आयआयटीतल्या टेकफेस्टला जाताना बॅटऱ्या सेलमागे ३.८ व्होल्टवर ठेवा आणि तिथे पोहोचून भरा. फुगलेली बॅटरी रोबोटमध्ये घालू नका. मोकळ्या जागेत दोन १२ व्होल्टचे हेडलाइट बल्ब सिरीजमध्ये लावून ती पूर्ण रिकामी करा आणि ई-कचऱ्यात द्या.

वायर, कनेक्टर, किल्ली

बॅटरीपासून वाटणीच्या जागेपर्यंत १० गेज सिलिकॉन वायर (सुमारे ५.३ चौरस मिलिमीटर), पात्याच्या ईएससीला १२ गेज, चाकांच्या मोटरना १४ गेज. घरच्या वायरिंगची पीव्हीसी वायर तापली की आवरण मऊ होतं आणि धारदार कडेवर कापलं जातं. बॅटरीच्या मुख्य लाइनला एक्सटी९० कनेक्टर, मोटरना एक्सटी६०. एक्सटी९० ला २५ वॉटच्या सोल्डरिंग आयर्नने डाग (सोल्डर) बसत नाही, वरून चमकतो आणि आत कोरडा राहतो. ६० ते ८० वॉटचं सोल्डरिंग आयर्न घ्या आणि डाग देताना जोडीचा कनेक्टर लावून ठेवा, नाहीतर प्लॅस्टिक मऊ होऊन पिना तिरक्या होतात. बॅटरीच्या बाजूला नेहमी झाकलेल्या कॉन्टॅक्टचा कनेक्टर. लग (वायरच्या टोकाला बसवायची धातूची कडी) दाबायचे असतील तर पॅनेल बनवणाऱ्यांकडची हायड्रॉलिक क्रिम्पिंगची पक्कड वापरा. साध्या पकडीने चेपलेला लग धडकेत सुटतो.

बॅटरी ते ईएससी वायर जितकी आखूड तितकी चांगली. लांबवावी लागली तर ईएससीच्या तोंडाशी ५० व्होल्ट, ४७० ते १००० मायक्रोफॅरडचा लो-ईएसआर कपॅसिटर लावा. मोटरच्या बाजूची वायर लांबली तर चालते. ब्रशच्या मोटरवर दोन टर्मिनलमध्ये आणि प्रत्येक टर्मिनलपासून बॉडीला १०४ नंबरचा सिरॅमिक कपॅसिटर डागा. ठिणग्यांचा विद्युत अडथळा रिसीव्हरपर्यंत जात नाही.

मुख्य लाइनमध्ये बाहेरून काढता येणारी किल्ली हवी. एक्सटी९० ची एक जोडी लूपसारखी वापरली की झालं. ती अशा जागी असावी की पात्यासमोर हात न नेता काढता येईल. फ्यूज कंट्रोलरला वाचवत नाही, मॉसफेट त्याच्या आधी मरतो. फ्यूज वायरला आगीपासून वाचवतो, आणि टेबलावर तपासताना ३० अँपिअरचा ब्लेड फ्यूज लावलाच पाहिजे.

रिसीव्हरला ५ व्होल्ट एकाच जागेहून द्या. चाकांचा कंट्रोलर आणि पात्याचा ईएससी दोन्ही ५ व्होल्ट देत असतील तर एकाची मधली लाल वायर पिनेतून काढून टेप लावा. रिसीव्हरच्या पिना धडकेत सरकतात. ‘रोबोट अचानक मेला’ याचं कारण बरेचदा एवढंच असतं. सगळ्या पिना गरम गोंदाने बसवा आणि बोर्डवरचे उभे कपॅसिटरही सिलिकॉनने चिकटवा. ग्राइंडिंग करताना कंट्रोलर रोबोटमध्ये ठेवू नका, लोखंडाचा बारीक बुरा मॉसफेटच्या पायांत बसतो.

पहिल्यांदा चालू करताना

पातं काढून ठेवा, चाकं हवेत उचला. मुख्य लाइनमध्ये दोन हेडलाइट बल्ब सिरीजमध्ये लावून किल्ली बसवा. बल्ब क्षणभर लुकलुकून विझले तर शॉर्ट नाही. पेटलेलेच राहिले तर लगेच काढा आणि पोलॅरिटी तपासा. मग बल्ब काढा, फ्यूज लावा, चाकं हळू फिरवा.

फेलसेफ (रिमोटचा सिग्नल तुटला की सगळं आपोआप थांबण्याची सोय) स्वतः तपासा. फ्लायस्काय एफएस-आय६ रिमोटमध्ये आरएक्स सेटअपच्या मेनूत प्रत्येक चॅनेलचा फेलसेफ लावावा लागतो: चाकं मध्यावर, पातं पूर्ण खाली. चाकं फिरत असताना रिमोट बंद करा, एका सेकंदात सगळं थांबलं पाहिजे. पात्याचा ईएससीही असाच तपासा, पातं बसवण्याआधी.

शेवटी पूर्ण ३ मिनिटं पत्र्यावर चालवा, भिंतीला ढकला, दिशा उलटसुलट करा. लगेच झाकण उघडून इन्फ्रारेड थर्मामीटरने तापमान घ्या. मोटरची बॉडी ८० अंशांच्या वर गेली तर गिअर उतरवा किंवा चाक लहान करा. कंट्रोलर ६० च्या वर गेला तर त्याखाली अॅल्युमिनियमची पट्टी आणि थर्मल पॅड लावून उष्णता चॅसिसमध्ये न्या. बॅटरी ५० च्या वर गेली तर तिचं सी रेटिंग खोटं आहे, मोठी घ्या. सगळीकडे तापमान ठीक आणि एकच कनेक्टर गरम असेल तर तो डाग पुन्हा द्या.